कर्नल जुना झालाय, बदलू का?

मागच्या अंकात घरच्या कॅमेऱ्यांच्या पासवर्डबद्दल लिहिताना शेवटी एक वाक्य टाकलं होतं, की जमलं तर आतला लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा, हार्डवेअर आणि ॲप यांच्यामधला) किती जुना आहे तेही बघा. त्यावर पत्रं आली ती घरांतून कमी आणि वर्कशॉप, कारखाने, छोट्या कंपन्यांमधून जास्त. त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची भोसरीला छोटी कंपनी आहे, एनर्जी मीटर वाचून डेटा सर्व्हरला पाठवणारे गेटवे बनवतो. टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) एएम३३५एक्स प्रोसेसर, २५६ एमबी नँड फ्लॅश मेमरी, कर्नल ३.२, त्या वेळी टीआयच्या एसडीकेमधून (चिपसोबतच्या सॉफ्टवेअर संचातून) जो आला तोच. फिल्डवर तीनेकशे युनिट आहेत, साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध शीतकरण केंद्रं. आता एका मोठ्या कस्टमरच्या आयटी ऑडिटवाल्यांनी स्कॅन करून सीव्हीईंची (नंबर देऊन नोंदवलेल्या सुरक्षा त्रुटींची) भलीमोठी पीडीएफ पाठवलीय, म्हणतायत कर्नल अपग्रेड करा नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. आमचे साहेब म्हणतात चालू मशीनला हात लावायचा नाही, इतकी वर्षं झाली कर्नलमुळे एकही युनिट बंद पडलेलं नाही. मी मधल्यामध्ये अडकलोय. काय करू? (भोसरी, पुणे)

उत्तर : साहेबांचं म्हणणं उडवून लावू नका, तीनशे ठिकाणी माणूस पाठवायची वेळ आली तर काय होतं ते त्यांना माहितीये. पण माझं उत्तर "बदला" असंच आहे, फक्त सुरुवात फिल्डवरच्या युनिटपासून करू नका, आणि कर्नलपासून तर नकोच.

कुठल्याही डिव्हाइसबद्दल मी आधी हे विचारते की बाहेरचं कोण त्याच्यापर्यंत पोचू शकतं, अपडेट फसलं तर तो परत उभा कसा करणार, आणि कर्नलचा सोर्स व तो बिल्ड करायची रीत आज तुमच्या हातात आहे का. व्हर्जनचा आकडा याच्या नंतर येतो.

आता ती पीडीएफ. स्कॅनर फक्त "३.२" एवढं बघतो आणि त्या आकड्याला लागू पडणारं सगळं ओततो, तुमच्या बिल्डमध्ये तो ड्रायव्हर आहे की नाही हे त्याला कळतच नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई नंबर देते आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देते, त्यामुळे हे नंबर वर्षाला हजारोंच्या घरात गेलेत. ब्लूटूथ, केव्हीएम, ग्राफिक्स, तुमच्या गेटवेत यातलं काहीच नसेल तर कॉन्फिग फाइल उघडा आणि जे बिल्डमध्येच नाही त्या सगळ्या ओळी खोडा, यादी बरीच बारीक होईल. उरलेल्यात दोन प्रकार पडतात. एक म्हणजे आत शिरलेल्या माणसाला रूट (सगळे अधिकार असलेला युजर) बनवणारे, उदाहरणार्थ डर्टी काऊ, जो २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. तुमच्या गेटवेवर सगळं आधीच रूटने चालत असेल (आणि अशा बोर्डांवर बहुतेक वेळा तसंच असतं) तर डर्टी काऊने वेगळं काय बिघडणार, आधी ते रूटने चालणं थांबवा. दुसरा प्रकार म्हणजे नेटवर्कवरून थेट कर्नल पाडणारे. त्यात २०१९ चा टीसीपी सॅक पॅनिक तुमच्या कामाचा आहे, नेटफ्लिक्सच्या लोकांनी शोधलेला, २.६.२९ पासूनच्या कर्नलांना लागू, म्हणजे तुमच्या ३.२ ला पण. त्याची दुरुस्ती आली जून २०१९ मध्ये, आणि ३.२ ची देखभाल २०१८ मध्येच संपली होती. यासाठी आजच्या आज करण्यासारखं म्हणजे सिसकंट्रोलमधून (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) टीसीपी सॅक शून्य करून टाका, एका ओळीचं काम आहे, तुमच्या थोड्याशा डेटाला काही फरक पडणार नाही.

आणि याच्याही आधी बघायचं म्हणजे सिमला पब्लिक आयपी मिळतोय का. मिळत असेल तर प्रायव्हेट एपीएन (सिमसाठी वेगळं बंद नेटवर्क) घ्या, टेलनेट (लांबून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सोय) बंद करा, एसएसएच लॉगिनचा सगळ्या युनिटवर एकच असलेला पासवर्ड काढून त्याजागी एसएसएच-की टाका. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने लाखभर कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट तासन्‌तास लटकल्या, त्यात कर्नलची एकही चूक वापरलेली नव्हती, साठेक ठरलेली युजरनेम-पासवर्डची जोडकी टेलनेटवर टाकून बघितली एवढंच. म्हणून म्हणते, उद्या कर्नल एकदम नवा टाकलात आणि पासवर्ड तोच ठेवलात तर ऑडिटवाले खूश होतील पण गेटवे तितकाच उघडा राहील.

ओपनएसएसएलही (सर्व्हरशी एन्क्रिप्ट करून, म्हणजे टीएलएसने बोलायची लायब्ररी) बघा. क्लाऊडवाल्यांनी टीएलएस १.० आणि १.१ बंद करत आणलंय, १.२ हवं तर निदान ओपनएसएसएल १.०.१ लागतं आणि त्याच्या सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये हार्टब्लीड नावाची त्रुटी आहे, त्यामुळे सरळ आजच्या देखभालीतलं घ्या. ते जुन्या कर्नलवरही चढतं. "डिव्हाइस जुना झाला, सर्व्हरला कनेक्टच होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते आणि दोष कर्नलवर येतो.

मग कर्नल कशाला बदलायचा? तुमच्या बाबतीत माझ्या मते खरी कारणं दोन. पहिलं मोडेम. ४जी मोडेमना लागणारा क्यूएमआय ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ३.४ ला, तुम्ही ३.२ वर, म्हणजे प्रत्येक नवीन मोडेमला व्हेंडरचा पॅच जबरदस्तीने बसवत राहायचं, आणि २जीच्या भरवशावर आता किती दिवस काढणार. दुसरं कारण २०३८. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, त्यानंतर ३२ बिटचा टाइम उलटून १९०१ मध्ये जातो. लांबचं वाटतं, पण मीटरचा गेटवे पॅनेलमध्ये एकदा बसला की पंधरा वर्षं कोणी काढत नाही, म्हणजे आज तुमच्या टेबलवरून जो डबा निघतोय तो त्या सकाळी चालूच असणार आहे. ३२ बिट बोर्डवर यासाठी कर्नल निदान ५.६ लागतो, सोबत सी लायब्ररी मसल १.२ किंवा जीलिबसी २.३४ आणि त्यापुढची, आणि तुमचं स्वतःचं सगळं ॲप ६४ बिट टाइम घेऊन परत कंपाइल करावं लागतं. हे पॅच मारून होत नाही. बिलिंगचा डेटा आहे हा, चुकीची तारीख म्हणजे भांडण.

तुमचं नशीब चांगलं की एएम३३५एक्स मेनलाइनमध्ये (व्हेंडरच्या नव्हे, मूळ कर्नलमध्ये) उत्तम चालतो, बीगलबोन ब्लॅक या बोर्डमुळे जगभर लोक त्यावर काम करतायत. ३.२ ते ३.१२ ते ४.काहीतरी अशा पायऱ्या चढत बसू नका, त्यात प्रत्येक पायरीला तेच दुखणं परत काढावं लागतं. सरळ ६.१ घ्या, त्याला सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म (सीआयपी) नावाचा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प २०३३ पर्यंत सांभाळणार आहे (सीमेन्स, तोशिबा वगैरे मंडळी आहेत त्यात, त्यांची सुद्धा उपकरणं वीस-वीस वर्षं चालतात म्हणून).

घोडं कुठे अडेल ते सांगते. ३.२ मध्ये बोर्डची सगळी माहिती सी फाइलमध्ये होती, आता डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे ते सांगणारी फाइल) लिहावी लागेल, बीगलबोनची उचलून आपले पिन बदलत जा. सिरीयल पोर्टचं नाव टीटीवाय-ओ होतं ते टीटीवाय-एस होतं, म्हणजे तुमचं ॲप उठल्या उठल्या "पोर्ट सापडत नाही" म्हणेल, युडेव्हचा नियम टाकून जुन्या नावाची लिंक द्या. आरएस-४८५ ची (मीटरच्या लाइनची) दिशा बदलायला तुमच्या जुन्या कर्नलमध्ये कोणीतरी जीपीआयओचा (चिपच्या साध्या पिनांचा) जुगाड केलेला असणार, मेनलाइनमध्ये ते डिव्हाइस ट्रीतून सांगायचं असतं, आणि इथे टायमिंग थोडं जरी हललं तर काही मीटर उत्तर देतील आणि काही देणार नाहीत, जुने मीटर तर नक्की त्रास देतील. म्हणून टेस्टिंग सिम्युलेटरवर उरकू नका, फिल्डवर जितक्या कंपन्यांचे मीटर आहेत त्यातला एकेक आणून एका लाइनवर लटकवा. जीपीआयओचा सिसएफएसवाला रस्ता ४.८ पासूनच जुना ठरवलाय, नंबर बदलले तर रिले भलताच पडेल, त्यामुळे लिबजीपीआयओडी वापरून पिनला नावं द्या.

सगळ्यात वाईट खड्डा नँडचा. जुन्या कर्नलने ज्या ईसीसीने (चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या कोडने) लिहिलंय त्याच ईसीसीने नव्याने वाचलं पाहिजे, बीसीएच-८ ची जागा आणि मांडणी अगदी तीच पाहिजे, नाहीतर यूबीआयला (नँड सांभाळणारा कर्नलचा भाग) चांगले ब्लॉक खराब दिसायला लागतात. पहिल्यांदा नवीन कर्नल एसडी कार्डवरून उठवा, नँड फक्त वाचायला लावा, आणि वाचलेला डेटा जुन्या युनिटवरून काढलेल्या कॉपीशी जुळतो का ते बघा, ते जुळेपर्यंत नँडवर एक बाइट लिहू नका. टीआयच्या त्या वेळच्या आखणीत कर्नलचं पार्टिशन ५ एमबीचं असायचं, नवीन कर्नल त्यात बसवायला कॉन्फिग छाटावी लागेल. आणि जुना यू-बूट (कर्नल उठवणारा बूटलोडर) डिव्हाइस ट्री वेगळी लोड करायला तयार नसेल तर ती कर्नलच्या शेपटाला जोडायची सोय कर्नलमध्येच आहे, ती वापरा, पण फिल्डवर लांबून यू-बूट बदलायच्या फंदात पडू नका. मध्येच लाईट गेली तर तो डबा फक्त माणूस गेल्यावरच उठेल.

आता फिल्ड. तीनशे युनिटवर २जीवरून कर्नल पाठवायचा विचार असेल तर सोडा. नवीन लॉटपासून नँडमध्ये दोन जागा करा, ए आणि बी, नवीन सॉफ्टवेअर रिकाम्या जागेत उतरेल, सही आणि चेकसम तपासेल, मग तिकडून बूट करेल, आणि ॲप उठून सर्व्हरशी बोललं तरच "ठीक आहे" अशी खूण करेल. नाहीतर वॉचडॉग (अडकल्यावर रीसेट करणारा टायमर) रीसेट मारेल, यू-बूटचा बूटकाऊंट वाढेल आणि तो आपोआप जुन्या जागेवर परत येईल. हे स्वतः लिहू नका, आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर यातलं एक घ्या, तिन्ही ओपन सोर्स आहेत आणि लोकांनी ठेचा खाऊन पक्की केलेली आहेत. जुनी युनिट एएमसीच्या व्हिजिटला माणूस जाईल तेव्हा एसडी कार्डने बदला, सगळी वर्षभरात झाली तरी चालेल, आधी पब्लिक आयपीवाली, शेवटी बंद नेटवर्कमधली. पहिली चार-पाच युनिट भोसरीपासून तासाभराच्या आत असलेल्या आणि तुमचं ऐकून घेणाऱ्या कस्टमरकडे.

हे एका अनुभवी माणसाचं दोन-तीन महिन्यांचं काम आहे, साहेबांना तसंच स्पष्ट सांगा. आणि ऑडिटवाल्यांना आज एक पानभर लिहून द्या की यातलं काय लागू नाही आणि का, काय आज बंद केलं, आणि उरलेलं कुठल्या महिन्यापर्यंत होईल. बहुतेक ऑडिटवाले एवढ्यावर थांबतात, त्यांना हातात काहीतरी लेखी हवं असतं.

प्रश्न : मॅडम, शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एक जुनी मिलिंग रेट्रोफिट करून घेतलेली, लिनक्ससीएनसी वर चालते, उबुंटू १०.०४, कर्नल २.६.३२ आरटीएआय (अचूक वेळ पाळायला बदललेला), पॅरलल पोर्टवरून स्टेपर. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, म्हणतो बाबा एवढं जुनं ठेवणं धोक्याचं आहे, डेबियन टाकून देतो. टाकू द्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : त्या मशीनवर नको. मुलाची काळजी बरोबर आहे पण इथे उलट नुकसान होईल.

पॅरलल पोर्टवरून स्टेप पल्स कॉम्प्युटर स्वतः मोजून सोडत असतो, दर काही मायक्रोसेकंदांनी, आणि त्यात आरटीएआय कर्नलचा हात कोणी धरत नाही. हल्लीचं लिनक्ससीएनसी प्रीएम्प्ट-आरटी वर चालतं, ते आता ६.१२ पासून मूळ कर्नलमध्येच आलंय, २०२४ च्या नोव्हेंबरात, पण त्याचा जिटर (वेळेतली मागेपुढे होणारी चूक) आरटीएआयपेक्षा जास्त असतो. तुमच्याच पीसीवर नवीन सिस्टीम टाकली तर मशीन चालेल, पण तोच फीड ठेवला तर स्टेपर स्टेप सोडायला लागेल, आणि ते कळेल कधी तर जॉब रिजेक्ट होऊन परत आल्यावर. मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड लावलं तर पल्सचं काम कार्डवर जातं आणि मग नवीन कर्नल बिनधास्त चालतो, पण तो खर्च मशीन आज नीट कटिंग करत असताना करायची काही गरज नाही.

तुम्हाला भीती कर्नलची नाही, त्या पीसीची आहे. हार्ड डिस्क किती जुनी आहे ती? आजच क्लोनझिलाने तिची पूर्ण इमेज काढा, दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि ती दुसरी डिस्क लावून मशीन खरंच चालवून बघा, नुसती कपाटात ठेवलेली इमेज चालतेच असं नाही. आयएनआय आणि एचएएलच्या (मशीनच्या सेटिंगच्या) फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर, पानांवर छापून पण ठेवा. बायोसमधली सेटिंग फोटो काढून ठेवा, सीमॉस बॅटरी बदला, कारण बायोस डिफॉल्टला गेलं की लेटन्सी (पल्सला होणारा उशीर) बिघडते आणि मग दोन दिवस कोणाला कळत नाही काय झालं. सारख्याच मदरबोर्डचा एक जुना पीसी भंगारवाल्याकडे मिळाला तर घेऊन ठेवा.

आणि ती मशीन नेटला जोडायची नाही, कधीच नाही, ऑफिसच्या वायफायला सुद्धा नाही. जी-कोड पेनड्राइव्हने न्या आणि तो पेनड्राइव्ह दुसरीकडे वापरू नका. तैवानच्या टीएसएमसीसारख्या कंपनीत ऑगस्ट २०१८ मध्ये एक नवीन मशीन न तपासता आतल्या नेटवर्कला जोडलं आणि वॉनाक्राय या व्हायरसचा प्रकार पसरून फॅब बंद पडल्या होत्या, ती विंडोज ७ ची मशीन होती, पण आतलं नेटवर्क आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही हे तुमच्याकडेही लागू आहे. मुलाला जुना पीसी द्या, त्यावर नवीन डेबियन टाकू दे, लेटन्सी टेस्ट तासभर चालवू दे (मागे काहीतरी व्हिडिओ लावून, कारण रिकाम्या पीसीचा आकडा फसवा असतो) आणि आलेला आकडा जुन्या पीसीच्या आकड्याशेजारी ठेवू दे. त्यातून त्याला जे कळेल ते कॉलेजात कोणी शिकवत नाही.

प्रश्न : ताई, कॉलेज प्रोजेक्टसाठी सीनियरकडून ऑरेंज पाय बोर्ड मिळाला, एच३ चिपवाला. त्यात ३.४ कर्नलची इमेज आहे आणि सगळं चालतंय, कॅमेरा पण. वसतिगृहाच्या गेटवर लावायचाय. तसाच वापरू की बदलू? (नागपूर)

उत्तर : बदल, आणि गेटवर लावायच्या आधी बदल. ही चिप बनवणाऱ्या ऑलविनरने एच३ साठी दिलेल्या ३.४ कर्नलमध्ये डीबगिंगसाठी ठेवलेलं एक दार तसंच राहून गेलं होतं, २०१६ मध्ये ते उघडकीला आलं. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या एका फाइलमध्ये "रूट माय डिव्हाइस" हे शब्द जोडून लिहिले की कुठलीही प्रोसेस थेट रूट होते. पासवर्ड नाही काही नाही. तुझी इमेज दुरुस्तीच्या आधीची आहे की नंतरची हे शोधत बसण्यापेक्षा आर्मबियनची (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) आजची इमेज उतरव, ती मेनलाइन कर्नलवर आहे, नवीन एसडी कार्डवर टाक आणि जुनं कार्ड बाजूला ठेव, परत जायचा रस्ता तोच. कॅमेरा आणि व्हिडिओ एन्कोडिंग मात्र ३.४ मध्ये व्हेंडरच्या कोडवर चालायचं, मेनलाइनमध्ये तसंच्या तसं मिळेल असं धरू नकोस, यूएसबी कॅमेरा घेतलास तर वाचशील.

प्रश्न : नमस्कार. मी श्टुटगार्टला एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे, आमच्या कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर पुण्यातली टीम सांभाळते. आय.एमएक्स६ प्रोसेसर, तो बनवणाऱ्या एनएक्सपीचा ४.१.१५ कर्नल. युरोपच्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमुळे इथे धावपळ चालू आहे आणि पुण्याची टीम म्हणते आम्ही महत्त्वाच्या सीव्हीईंचे पॅच ४.१ वर बसवून देतो, अपग्रेड नको. हे चालेल का? (जर्मनी)

उत्तर : काही महिने चालेल, धोरण म्हणून चालणार नाही. ४.१ ची देखभाल मे २०१८ मध्ये संपलीये. त्यानंतरच्या दुरुस्त्या ज्या कोडवर लिहिल्यात तो कोड आतून बदलत गेलाय, त्यामुळे पॅच बसवताना पुण्यातला माणूस प्रत्येक वेळी स्वतःच्या समजुतीने काहीतरी बदलणार, आणि ते बरोबर आहे का हे तपासणारं जगात दुसरं कोणी नाही. शिवाय "महत्त्वाचे" निवडायचे कसे? कर्नलमध्ये कितीतरी दुरुस्त्या साध्या बग म्हणून आल्या आणि नंतर कळलं की त्यातून घुसता येत होतं. टीम हुशार असेल यात शंका नाही, पण हे काम कुठल्याच टीमला पेलणारं नाही.

कायद्याच्या तारखा तुम्हाला माहीतच असतील, तरी इतर वाचकांसाठी सांगते, कारण पुणे-नाशिकमधून युरोपला माल पाठवणारे बरेच जण आहेत. कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. ११ सप्टेंबर २०२६ पासून, ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जातोय ती कळल्यापासून २४ तासांत पहिली सूचना द्यावी लागते आणि ही अट आधी विकलेल्या मालालाही आहे. बाकीच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून, त्यात सुरक्षेचे अपडेट साधारण निदान पाच वर्षं देणं आलं. दंड दीड कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, इथपर्यंत जाऊ शकतो.

आता पाच वर्षांचं गणित बघा. कर्नलवाल्यांनी २०२३ मध्ये सांगितलं की एलटीएसची (लांब देखभालीच्या कर्नलची) सहा वर्षं बंद, नवीन एलटीएसला दोन वर्षं धरा, त्यावर वाढ मिळाली तर मिळाली. म्हणजे एकदा उडी मारून पाच वर्षं बसायचं म्हटलं तर एक तर सीआयपीचा कर्नल घ्यावा लागेल (वर भोसरीच्या उत्तरात सांगितलेला) किंवा दर एक-दोन वर्षांनी पुढच्या एलटीएसवर जायची सवय लावावी लागेल. तुमच्या बोर्डला मी दुसरा रस्ता सुचवेन. आय.एमएक्स६ मेनलाइनमध्ये चांगला आहे, ग्राफिक्सला एटनाव्हिव ड्रायव्हर ४.५ पासून आहे, व्हेंडरच्या बंद जीपीयू ड्रायव्हरची गरज उरत नाही, आणि खरं तर तो बंद ड्रायव्हरच बहुतेक टीमना ४.१ ला बांधून ठेवतो. एकदा मेनलाइनवर आलात की ६.१ वरून ६.६, ६.६ वरून ६.१२ हे काम आठवड्यांचं असतं, ४.१ वरून ६.१२ महिन्यांचं. पुण्याच्या टीमला जेवढे दिवस पॅच बसवायला देताय तेवढे एकदा या स्थलांतराला द्या आणि त्यांच्याकडे खरा पॅनेल, खरा टचस्क्रीन, खरं मशीन पाठवा, नुसता बोर्ड देऊन हे होत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, नवीन कर्नल टाकून परत झोपलात तर आधीपेक्षा वाईट. डर्टी पाइप नावाची त्रुटी ५.८ मध्ये आली, तुमच्या ४.१ मध्ये ती कधी नव्हतीच. ज्यांनी २०२१ मध्ये मोठ्या हौसेने ५.१० टाकला आणि मग अपडेट बंद केले त्यांच्याकडे ती बसली, आणि मार्च २०२२ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा ५.१०.१०२ वर जायला महिन्याभराच्या आत जमलं पाहिजे होतं. तुमच्या कंपनीत आज असा छोटा अपडेट टेस्ट करून बाहेर पाठवायला किती दिवस लागतात? तो आकडा आधी काढा आणि मॅनेजमेंटला तोच दाखवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घरी टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन राऊटर आहे, अजून छान चालतो. भाचा म्हणतो ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं मोफत लिनक्स) टाकलं की कर्नल नवीन होतो आणि राऊटर परत सुरक्षित होतो. टाकावं का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : सर, भाच्याचं म्हणणं इतर बऱ्याच राऊटरसाठी बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही. या मॉडेलच्या बहुतेक व्हर्जनमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे (खालच्या स्टिकरवर व्हर्जन लिहिलेलं असतं). एवढ्यात आजचा कर्नल बसतच नाही, ओपनडब्ल्यूआरटीने अशा राऊटरना १९.०७ नंतर सोडून दिलं आणि त्या १९.०७ ची देखभालही २०२२ मध्ये संपली. म्हणजे भाचा जे टाकेल ते पण जुनंच असेल, आणि रॅम कमी पडून अधूनमधून अडकेल ते वेगळं. या राऊटरच्या काही व्हर्जनमध्ये ॲडमिनच्या वेब पानातूनच कमांड चालवता येते अशी त्रुटी आहे, अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये तिला प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातलं, आणि तिचा कर्नलशी काही संबंध नाही.

छान चालतोय हे मान्य, आणि चालती वस्तू टाकायला आपल्या पिढीला जिवावर येतं, पण हा बदला. घराची सगळी बँकिंग, सगळ्यांचे फोन यातूनच जातात. नवीन घेताना भाच्याला सांगा, ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवरच्या यादीत नाव असलेला, निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा बघ, म्हणजे कंपनीने अपडेट बंद केले तरी पुढे काही वर्षं कर्नल नवा ठेवता येईल. फायबर असेल आणि कंपनीने दिलेल्या डब्यातच वायफाय असेल तर कदाचित नवीन घ्यायचीही गरज नाही, त्या डब्याचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटणाने किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि बाहेरून ॲडमिनला येण्याची सोय बंद आहे ना ते बघा. जुना राऊटर रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून पुसून मगच भंगारात द्या, त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड असतो.